आपोआप बंद होण्याची व्यवस्था

३ मे, सोमवार. सकाळी ११

नवी वही. जुन्या वहीत 'व्यायाम' आणि 'इंग्रजी संभाषण' हे दोन विषय अर्धवट पडलेत. त्या वातावरणात मोठं काम सुचत नाही.

आज मॅडमनी सगळ्या स्टाफसमोर जाहीर केलं: वीज गेली की सर्व्हर सांभाळायची जबाबदारी माझी. मॅडम आमच्या केंद्राच्या प्रमुख. केंद्रात कृत्रिम हात-पाय बनतात. मी इथला सिस्टीम इन्चार्ज. आधी स्टोअरला होतो. सहा आठवड्यांचा कोर्स केला आणि वर आलो. शब्दशः वर, कारण स्टोअर तळघरात आहे. कोर्सचा सहावा आठवडा सर्दीमुळे बुडला. पण सहाव्या आठवड्यात असतं काय, उजळणी. उजळणी मठ्ठांसाठी.

घडलं असं. गेल्या गुरुवारी एका शिक्षिकेच्या पायाचं स्कॅन चालू होतं. (मी त्यांना मास्तरीणबाई म्हणतो. मनात.) त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली नाही. उजव्या पायावर अठरा मिनिटं न हलता उभं राहायचं. स्कॅनर सावकाश भोवती फिरतो, माप सर्व्हरमध्ये साठतं, त्या मापावरून साचा कापतात. सोळाव्या मिनिटाला वीज गेली. सर्व्हर जागच्या जागी मेला. माप गेलं. बाई घामाने निथळत होत्या म्हणे. मला माहीत नाही, मी चहाला गेलो होतो.

मॅडमचं म्हणणं असं की बॅटरीवाला यूपीएस घ्यायचा. वीज गेली तरी चालू स्कॅन पुरं व्हायला हवं आणि त्यानंतर सर्व्हर नीट, आपला आपण बंद व्हायला हवा. मास्तरीणबाईंना एकवीस तारखेला परत बोलावलंय. पुढच्या महिन्यात शाळा उघडते. अपघात झाल्यापासून वर्षभर त्यांना शाळेच्या लायब्ररीत बसवून ठेवलंय. वर्गावर पाठवत नाहीत. दोन्ही हात कुबड्यांना, फळ्यावर लिहिणार कशाने?

हातात अठरा दिवस. मला तीन पुरेत. बुधवारी संध्याकाळी संपवतो. उरलेले पंधरा दिवस इंग्रजी संभाषण.

४ मे, मंगळवार

यूपीएस आला. लहान मुलाच्या शवपेटीएवढा खोका आणि वजन बापासकट. काका उचलू लागायला आले. काका म्हणजे आमचे साचेवाले. तीस वर्षं पाय घासतायत. स्वतःला कारागीर समजतात. मी त्यांना सुतार समजतो. म्हटलं राहू द्या, हे नाजूक इलेक्ट्रॉनिक काम आहे. एकट्याने उचलला.

दुपारी आडवा होतो. पाठ.

सोबत माहितीपुस्तक आलंय. अकरा भाषांत. जी गोष्ट अकरा भाषांत समजावून सांगावी लागते ती बनवणाऱ्यालाच समजलेली नसते. ड्रॉवरमध्ये टाकलं.

बिल्डिंगचा वायरमन डोकावून गेला. आठवीच्या पुढे गेला नसावा. विचारलं नाही, पण माणसाच्या उभं राहण्यावरून कळतं. म्हणाला, साहेब, बॅटरी आतून जोडलीत ना? मी फक्त पाहिलं त्याच्याकडे. तो गेला.

५ मे, बुधवार. दुपारी ४

टेस्ट. सगळं जोडलं आणि भिंतीतला प्लग उपटला.

यूपीएस मेला. सर्व्हर मेला. रिसेप्शनवरून किंकाळी. तिथल्या मुलीचं अख्ख्या आठवड्याच्या अपॉइंटमेंटचं पान उघडं होतं. सेव्ह करायची सवय नाही या लोकांना.

यूपीएस सदोष आहे हे सिद्ध झालं. कंपनीला कडक ईमेल लिहिलं. 'तुमच्यासारख्या नामांकित कंपनीकडून ही अपेक्षा नव्हती' हे वाक्य जमलंय. मॅडमना कॉपी पाठवली. त्यांनाही कळू दे भाषा.

६ मे, गुरुवार

कंपनीतून फोन. कुणी मुलगी. आवाजावरून नुकतीच नोकरीला लागलेली. म्हणाली, सर, प्रवासात धोका नको म्हणून बॅटरीची एक वायर सुटी ठेवून पाठवतात. मागचं झाकण काढून ती लाल वायर जोडलीत का? पान तीनवर चित्र आहे.

मी म्हटलं, अर्थातच. आणि फोन ठेवला.

झाकण काढलं. जोडली.

कंपनीला दुसरं ईमेल: 'दोष आमच्या पातळीवर दूर करण्यात आला आहे.' मॅडमना कॉपी.

७ मे, शुक्रवार

आता यूपीएस बॅटरीवर चालतो. पण सर्व्हरला वीज गेल्याचं कळणार कसं? त्यासाठी सॉफ्टवेअर. इन्स्टॉल केलं. सॉफ्टवेअर म्हणतं: यूपीएस सापडत नाही. बाजूला ठेवलाय. दीड हातावर. आंधळ्यालासुद्धा ठेच लागून सापडेल.

सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. तीनदा. मग भाषा बदलून पाहिली.

१० मे, सोमवार

शनिवार-रविवार विचार केला. जेवतानासुद्धा. बायकोला समजावून सांगितलं: मिठाची बरणी म्हणजे यूपीएस, तांब्या म्हणजे सर्व्हर, मी म्हणजे सॉफ्टवेअर. तिने विचारलं, मग बरणीतून तांब्यापर्यंत निरोप जातो कसा? काही वायर बियर? म्हटलं, हे वायरचे दिवस राहिलेत का. ती म्हणाली, बरं, मीठ दे इकडे.

आज ऑफिसात सहज खोका उपडा केला. तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत एक करडी वायर. मी तिला चार्जर समजून ठेवून दिलं होतं. एक टोक यूपीएसला, एक सर्व्हरला. लगेच सापडला म्हणे यूपीएस. बॅटरी शंभर टक्के.

म्हणजे माझी दिशा पहिल्यापासून बरोबर होती. फक्त वायर बाकी होती.

बायकोला सांगायची गरज नाही.

११ मे, मंगळवार

सेटिंग करतोय. एक रकाना आहे: वीज गेल्यावर किती वेळाने बंद करायचं. कंपनीने पाच मिनिटं भरून दिलंय. वायरमन दारात उभा राहून पंधरा म्हणाला. बॅटरी वीस मिनिटं पुरते, स्कॅन अठरा मिनिटांचं, अगदी सुरुवातीलाच वीज गेली तर बाईंना थांबवता येईल, पण मध्यावर गेली तर पुरं तरी होऊन जाईल, असं काहीसं. बोटांवर मोजत होता. पंधरा भरलं. मी तसंच भरणार होतो.

अजून एक चौकट आहे: 'प्रोग्रॅम उघडे असतील तर विचारा' किंवा 'न विचारता बंद करा'. 'न विचारता'वर खूण केली. विचारत बसणारी सिस्टीम म्हणजे आमचं ऑफिस झालं.

उद्या सगळ्या स्टाफसमोर प्रात्यक्षिक. मॅडमना निमंत्रण दिलंय. इस्त्रीचा शर्ट.

१२ मे, बुधवार. दुपारी १

काय लिहायचं.

सगळे आले. रिसेप्शन, काका, नर्स, वायरमन (बोलावलं नव्हतं), मॅडम. मी सात-आठ मिनिटं प्रास्ताविक केलं. मॅडमनी दोनदा घड्याळ पाहिलं. प्लग उपटला.

यूपीएस टीं टीं करायला लागला. स्क्रीन झगझगीत चालू. मी हात पसरून म्हटलं, पाहा. काकांनी टाळ्या वाजवल्या, नर्सनेही. मग वायरमन सर्व्हरपाशी वाकला आणि म्हणाला, साहेब, हा तर थंड आहे.

सर्व्हर बंद. स्कॅनर बंद. नुसती स्क्रीन चालू होती. तिच्यावर लिहून आलं होतं: सिग्नल नाही.

मॅडम म्हणाल्या, म्हणजे वीज गेली तर आपल्याला एवढं छान दिसत राहणार. आणि गेल्या.

हसणाऱ्यांची नावं मनात लिहून ठेवलीत.

१३ मे, गुरुवार

आजारी रजा. पाठ. (खरंच दुखते.)

१४ मे, शुक्रवार

चष्मा घरी राहिला. बायको द्यायला ऑफिसात आली. म्हटलं आलीच आहेस तर बघ नवऱ्याचं काम. तिने यूपीएसला एक फेरी मारली, पाठीमागे वाकली आणि विचारलं, वरच्या रांगेवर 'बॅटरी' लिहिलंय आणि खालच्या रांगेवर 'बॅटरी नाही', ते काय?

पाठीमागे सहा सॉकेट आहेत. तीन वर, तीन खाली. खालच्यांना नुसतं व्होल्टेजच्या झटक्यापासून संरक्षण, बॅटरी नाही. मी सर्व्हर आणि स्कॅनर खाली लावले होते कारण वायर तिथे नीट पोचत होती. वरती स्क्रीन.

मी म्हटलं, तेच तपासत होतो. ती म्हणाली, हो ना, तपास. आणि माझ्या टेबलावरच्या कपांचा ढीग उचलून धुवायला घेऊन गेली. सगळ्या स्टाफसमोर. रिसेप्शनवरच्या मुलीशी दहा मिनिटं हसत उभी. काय बोलल्या असतील याचा अंदाज आहे.

लिहिणाऱ्याने अक्षर एवढं बारीक का काढावं? या कंपनीला तिसरं ईमेल जाईल.

१७ मे, सोमवार

सगळं वरच्या रांगेत. दार लावून एकट्याने टेस्ट केली. प्लग उपटला. सर्व्हर चालू. स्कॅनर चालू. पंधरा मिनिटं खुर्चीत बसून राहिलो. पंधरा मिनिटं झाली आणि सर्व्हर आपला आपण, एकेक प्रोग्रॅम मिटत, शांतपणे झोपला. कुणीही नव्हतं पाहायला. डोळ्यांत पाणी आलं. धूळ आहे त्या खोलीत.

मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, छान. म्हटलं, पाहायला या. म्हणाल्या, उद्या पाच मिनिटं आहेत माझ्याकडे.

पाच मिनिटं! आणि व्यवस्था पंधराची. मोठ्या माणसांना वेळ नसतो हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या गावी नाही.

१८ मे, मंगळवार

झालं. झालं. झालं.

तोडगा मीच काढला. पंधरा मिनिटांच्या जागी तीस सेकंद भरलं. मॅडम आल्या. या खेपेला प्रास्ताविक नाही. प्लग उपटला. टीं टीं. सगळ्यांनी श्वास रोखला. एकोणतीस, तीस. सर्व्हर झोपला. पडद्यावर 'बंद होत आहे' अशी अक्षरं आली तेव्हा मी पडद्याकडे पाठ करून उभा होतो. मुद्दाम.

मॅडम म्हणाल्या, शेवटी जमलं तर. 'शेवटी' आणि 'तर' सोडलं तर हे कौतुक आहे.

काकांनी हात मिळवला. त्यांच्या हाताला प्लास्टर लागलेलं असतं. नंतर धुतला.

घरी येताना बायकोला काहीतरी न्यावं वाटलं. नेलं नाही. तिने विचारलं असतं, काय झालं.

१९ मे, बुधवार

वायरमन. सकाळी सकाळी. साहेब, ते तीस सेकंद परत पंधरा मिनिटं केलंत ना?

करणारच होतो. खुर्ची ओढून माउसला हात घातला होता. पण हा माणूस दारात उभा राहून, तोंडात काडी धरून, मला सांगणार? ज्याने सॉफ्टवेअरचं तोंड पाहिलेलं नाही? म्हटलं, आमचं आम्ही पाहतो. तो म्हणाला, नाही, एकवीसला त्या बाई येणारेत म्हणून. म्हटलं, मला तारखा माहीत असतात.

आता तो गेल्यावर लगेच बदललं तर त्याला वाटणार त्याच्यामुळे बदललं. दुपारी बदलतो.

दुपारी मास्तरीणबाईंना फोन केला. हे रिसेप्शनचं काम, पण म्हटलं, तांत्रिक खात्री तांत्रिक माणसाने द्यावी. सांगितलं, आता निर्धास्त या, वीज गेली काय अन् राहिली काय, आमची व्यवस्था पूर्ण आपोआप आहे. त्या म्हणाल्या, बरं झालं, मागच्या वेळेनंतर माझी मांडी चार दिवस दुखत होती. बसने दोन तास लागतात म्हणाल्या. म्हटलं, ही शेवटची खेप समजा.

२० मे, गुरुवार

तीस सेकंदांवर विचार केला. खरं तर तेच बरोबर आहे. सर्व्हरला धोका कधी? वीज गेल्यावर. मग त्याला जितक्या लवकर झोपवू तितका तो सुरक्षित. पंधरा मिनिटं हा भित्र्या माणसाचा आकडा आहे. तसंही गेले दहा दिवस वीज गेलेली नाही. आणि परवा मॅडमनी तीस सेकंदच पाहिलेत, मंजूर केलेत. आता बदलणं म्हणजे मंजूर कामात ढवळाढवळ.

उद्या संध्याकाळी, बाई गेल्यावर, निवांत बघू.

२१ मे, शुक्रवार. दुपारी ३

जे घडलं ते क्रमाने लिहितो. पुढे चौकशी झाली तर उपयोगी.

११.१० ला स्कॅन सुरू. बाई मध्ये उभ्या. नर्सने एका बाजूने कोपर धरलेलं. काका स्कॅनरवर. मी काचेपलीकडे, माझ्या केबिनमध्ये, सर्व्हरपाशी.

११.२४ ला वीज गेली. यूपीएस टीं टीं. स्कॅनर फिरतच राहिला. कुणी घाबरलं नाही. काका म्हणाले, हलू नका बाई, चारच मिनिटं राहिली, आता काळजी नाही, साहेबांनी सोय केलीय. असं म्हणाले. साहेबांनी सोय केलीय. मला बरं वाटलं. मी कौतुकाने घड्याळ पाहिलं.

आणि मग आठवलं.

बदलायला किती वेळ लागतो? खिडकी उघडायची, पासवर्ड टाकायचा, रकाना. पासवर्ड दोनदा चुकला. माझा पासवर्ड अवघड आहे. सुरक्षित असावा म्हणून ठेवलाय. 'बंद होत आहे'. न विचारता.

सर्व्हर बंद. माप गेलं. चौदा मिनिटांचं.

आता पुढचं. पुढचं लिहायलाच हवं असं नाही, पण ही वही माझीच आहे.

स्कॅनर बंद झाला नाही. तो बॅटरीवर होता, व्यवस्थित, वरच्या रांगेत. फिरत राहिला. त्याचं माप कुठेच जात नव्हतं. हे फक्त मला माहीत होतं. काचेतून बाई दिसत होत्या. डोळे मिटलेले. ओठ हलत होते, आकडे मोजत असाव्यात. उजवी पोटरी थरथरत होती. मी दारापर्यंत गेलो. सांगणार होतो. काकांनी ओठांवर बोट ठेवलं, बोलू नका, बाई हलतील. मग मी नाही बोललो. काकांनीच खूण केली होती.

चार मिनिटं.

वीज तर ११.२५ लाच आली होती. जेमतेम मिनिटभर गेली असेल.

११.२८ ला काका म्हणाले, झालं बाई, सुटलात. नर्सने खुर्ची दिली. बाई हसल्या. घाम पुसला. नर्सला म्हणाल्या, शाळेत पहिल्या दिवशी फळ्यावर तारीख मीच लिहिणार. काका फाइल उघडायला माझ्या केबिनमध्ये आले.

त्यानंतरचं सगळं काचेतून सगळ्यांना दिसलं.

मी बाहेर येऊन बाईंना स्वतः सांगितलं. पळून गेलो नाही, याची नोंद असावी. म्हटलं, वीज गेल्यामुळे सर्व्हर आपोआप बंद झाला. बाई शिक्षिका आहेत. शिक्षक ज्या आवाजात मागच्या बाकावरच्याला उभं करतात त्या आवाजात, हळूच, त्यांनी विचारलं: आपोआप म्हणजे कोणी?

मी सांगितलं, सॉफ्टवेअर, सेटिंग, तीस सेकंद, सुरक्षितता. त्या ऐकत राहिल्या. मग परत तेच. ते झालं हो. पण आपोआप म्हणजे कोणी?

मी म्हटलं, मी.

मग काकांनी विचारलं, आणि कळलं कधी तुम्हाला? या उभ्या होत्या तेव्हाच?

मी घड्याळात पाहिलं. वायरमन दारात उभा होता. बोलला असता तर बरं झालं असतं, त्याला दोन शब्द सुनावता आले असते.

२२ मे, शनिवार

बायकोला आज सांगितलं. थोडक्यात. वीज गेली, बंद पडला, असं. तिने विचारलं, बाई घरी कशा गेल्या? बसनेच का? मला माहीत नव्हतं. भांडी घासताना नेहमी रेडिओ लावते, तो लावला नाही.

पाठ.

२४ मे, सोमवार

मॅडमना साडेचार पानी खुलासा दिला. शीर्षक: 'घटनेमागील विविध घटक'. घटक एकूण नऊ: वीज मंडळ, कंपनी, अक्षराचा आकार, प्रात्यक्षिकाला मिळालेला अपुरा वेळ, वायरमनची बोलण्याची पद्धत, वगैरे. सहाव्या क्रमांकावर मी मलाही धरलंय, 'मनुष्यबळाची कमतरता' या नावाने.

तासाभरात परत आला. मॅडमनी शेवटच्या पानावर खाली एकच ओळ लिहिली होती: 'पासवर्ड वायरमनला द्या.'

दिला. कागदावर लिहून. तो कागद त्याने दूर धरून वाचला, आणि मग माझ्याच खुर्चीत बसून, एकेक अक्षर शोधत टाइप केलं. रकान्यात पंधरा मिनिटं भरलं. 'न विचारता'वरची खूण काढली. मग म्हणाला, साहेब, ही खालची चौकट वाचलीत का? 'स्कॅन चालू असेल तर बंद करू नका' असं निवडता येतंय. खूण करू?

दोन मिनिटं लागली त्याला. मी घड्याळ लावलं होतं.

आठवीच्या पुढे गेलाय का, विचारावंसं वाटलं. उत्तर काय आलं असतं सांगता येत नाही म्हणून नाही विचारलं.

२६ मे, बुधवार

मास्तरीणबाईंना उद्या बोलावलंय. फोन काकांनी केला. मी म्हटलं होतं, मी करतो. काका म्हणाले, नको. एवढंच. तीस वर्षांत त्यांना बोलायची कला साधलेली नाही.

मॅडमनी गाडी पाठवायची ठरवलीय. बस नाही. ही सूचना माझी असती, पण कुणी विचारलं नाही.

संकल्प: उद्या केबिनमध्ये थांबायचं. कुठल्याही गोष्टीला हात लावायचा नाही. तज्ज्ञ माणसाचं जवळ असणंसुद्धा काम असतं.

२७ मे, गुरुवार. संध्याकाळी ५

नर्स आली नाही. बहिणीचं बाळंतपण. बाई येऊन बसलेल्या, काका स्कॅनरवर तयार, कोपर धरायला कुणी नाही. रिसेप्शनवरच्या मुलीला फोन सोडता येईना. वायरमन वरच्या मजल्यावर शिडीवर. मॅडमनी इकडेतिकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग परत इकडेतिकडे पाहिलं. मग म्हणाल्या, तुम्ही या.

मी काचेच्या अलीकडे आलो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, नको म्हणतील. त्या म्हणाल्या, धरा, पण बोलू नका.

कोपर धरलं. कुठे धरायचं ते काकांनी दाखवलं. सुरुवातीला वाटलं, यात काय आहे, कुणालाही जमेल. पाचव्या मिनिटाला बाईंचं वजन माझ्या हातावर यायला लागलं. आठव्या मिनिटाला माझ्या खांद्यात कळ. हलायची सोय नाही, मी हललो की त्या हलणार. दहाव्या मिनिटाला त्यांची पोटरी थरथरायला लागली, ते आता माझ्या बोटांपर्यंत येत होतं. गेल्या शुक्रवारी हे काचेतून नुसतं दिसलं होतं. त्या आकडेच मोजत होत्या. इतक्या जवळून ऐकू येतं. एक हजार चाळीस, एक हजार एकेचाळीस, असे सेकंद मोजायचे असतात अठरा मिनिटांचे. अठरा मिनिटांचे एक हजार ऐंशी. शेवटी त्या एकेक आकडा दातांतून सोडत होत्या.

वीज गेली नाही. एकदा दिवा किंचित लुकलुकला. कुणी श्वास घेतला नाही. सर्व्हरकडे मी पाहिलंसुद्धा नाही, मान वळवता येत नव्हती.

काका म्हणाले, झालं. त्यांनी आधी केबिनमध्ये जाऊन फाइल उघडली, तिथूनच हात वर केला, आणि मगच बाई खुर्चीत बसल्या. माप आलं. पूर्ण. सोमवारी साचा, पुढच्या आठवड्यात पाय.

मी बोललो नाही. अठरा मिनिटं. बायकोला सांगितलं तर तिचा विश्वास बसणार नाही. बाईंनी काकांना थँक्यू म्हटलं, गाडीवाल्यालाही म्हटलं. माझ्याकडे पाहून मान हलवली. म्हणजे बहुधा माझ्याकडेच. मागे दार होतं.

तरी आज माझ्याशिवाय हे काम झालं नसतं, ही वस्तुस्थिती आहे. सिस्टीमच्या जोडीला मला ही जबाबदारी कायमची घ्यायला हरकत नाही, असं मॅडमना सुचवावं म्हणून त्यांच्या केबिनकडे गेलो. आत काका बसले होते. माणसाने माणसाला धरलं की दोघंही हलतात, मापात दोन रेषा जाड आल्यात, चालवून घेऊ, पण पुढे नको, असं काहीतरी सांगत होते.

सोमवारी वायरमन भिंतीला लोखंडी दांडा बसवणार आहे.